मुका मार : डोक्यातील व पोटातील आतल्या इजेची ओळख

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातील दोन शेजारी तालुके. दोहोंच्या मधून भीमा नदी वाहते. शिरूरच्या उत्तर अंगास घोड नदी आहे. घोड व चासकमान प्रकल्पांच्या कालव्यांनी शिरूरकडे आणि खडकवासल्याच्या कालव्याने दौंडकडे पाणी आले, तसा ह्या भागात ऊस वाढला. उसाबरोबर ट्रॅक्टर, दुहेरी ट्रॉल्या, गुऱ्हाळे व ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. शिरूर तालुक्यातून पुणे-अहिल्यानगर रस्ता जातो, दौंड तालुक्यातून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. रांजणगाव व कुरकुंभ येथील कारखान्यांत पाळीवर जाणारी शेतकऱ्यांची मुले मोटारसायकलीवरून ह्याच रस्त्यांनी रात्री-अपरात्री ये-जा करतात. पूर्वी शेतकऱ्यास इजा व्हावयाची ती बहुधा विळ्याकोयत्याने किंवा बैलाच्या शिंगाने. आता तीत वेगाची व वजनाची भर पडली आहे. आणि वेगाने किंवा उंचीवरून झालेल्या इजेत पुष्कळदा कातडीवर ओरखडाही नसतो.

अशा इजेस आपल्याकडे 'मुका मार' म्हणतात. शब्द फार नेमका आहे. मार बसला आहे, पण तो बोलत नाही. अडचण अशी की, गावात हा शब्द धीर देण्यासाठी वापरला जातो. रक्त वाहताना दिसले म्हणजे सारी आळी धावते, मिळेल ते वाहन थांबविले जाते. परंतु कडब्याच्या गंजीवरून पडलेला माणूस उठून बसला, त्याने कपडे झटकले आणि 'काही नाही, नुसता मुका मार आहे' असे म्हटले, की त्यास हळदीचे दूध पाजून बाजेवर निजविण्यात येते. तो निजला असे घरातील मंडळींस वाटते. प्रत्यक्षात तो निजला आहे की त्याची शुद्ध हरपत चालली आहे, हे दुरून पाहणाऱ्यास कळत नाही. गावातून पुण्यास पोहोचण्यास लागणारा दीड-दोन तासांचा वेळ तर टळत नाहीच. त्यात हे बाजेवरचे तीन-चार तास मिळाले म्हणजे वाचण्याजोगा रोगी हातचा जातो.

आतल्या इजेचे प्रकार पाडण्याची विद्या आपल्या देशास नवी नाही. सुश्रुतसंहितेत आघाताने होणाऱ्या ताज्या व्रणांचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा प्रकार सांगितले आहेत, आणि कोष्ठात रक्त साचले असता ते मूत्रमार्गाने, गुदद्वाराने, तोंडातून व नाकातून बाहेर येऊ लागते हेही तेथे नोंदलेले आहे. आजच्या वैद्यकाने ह्या विषयात पुष्कळ भर घातली. तथापि वर्गीकरणाचा हेतू तोच राहिला. कोणत्या रोग्यास आधी हात लावावयाचा, कोणास थांबविता येईल, आणि थांबविलेल्या रोग्यात काय बदल झाला म्हणजे थांबणे सोडावयाचे, हे ठरविण्यासाठी वर्गीकरण असते. ह्या कामाची पहिली नोंद डॉक्टरांच्या मेजावर न होता बांधावर होऊ शकते, म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस त्याची माहिती असणे अगत्याचे आहे.

प्रथम डोक्याचा विचार करू. मेंदू हा मऊ अवयव कवटीच्या कठीण पेटीत, द्रवाने वेढलेला असा असतो. पाण्याने भरलेली घागर बैलगाडीत ठेवावी आणि गाडी एकाएकी थांबावी, म्हणजे घागर थांबते पण आतले पाणी पुढे जाऊन काठावर आपटते. डोके आपटते तेव्हा मेंदूचे असेच होते. तो आधी मार बसलेल्या बाजूस व नंतर कित्येकदा समोरच्या बाजूस कवटीवर आपटतो. आणि डोक्यास गिरकी बसली असेल तर त्यातील सूक्ष्म तंतू ताणले जातात व तुटतात. दुसरी गोष्ट अशी की, कवटी ही बंद पेटी आहे. पायास मार बसला तर पाय सुजून मोठा होतो. मेंदूस सुजण्यास किंवा आत साचलेल्या रक्तास सामावून घेण्यास तेथे जागा नसते. दाब वाढत जातो, आणि तो श्वास चालविणाऱ्या मेंदूच्या खालच्या भागावर येऊ लागला म्हणजे प्राणास धोका होतो.

इजा कोठे व कशा प्रकारची आहे, ह्यावरून डॉक्टर तिचे भाग पाडतात. सर्वांत सौम्य व सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे मेंदूस बसलेला नुसता हादरा. ह्यात मनुष्य थोडा वेळ गोंधळतो, क्वचित बेशुद्ध होतो, पडण्याच्या आधीचे त्यास आठवत नाही. चित्रण केले तर त्यात बहुधा काही दिसत नाही. दुसरा प्रकार मेंदूच्या एखाद्या ठिकाणी ठेचल्यासारखी जखम होण्याचा. तिसरा, वर सांगितलेले तंतू सर्वत्र तुटण्याचा. भरधाव वाहनांच्या अपघातांत हा दिसतो, आणि ह्यात रोगी प्रथमपासूनच खोल बेशुद्धीत असू शकतो. ह्यांखेरीज रक्तस्रावाचे प्रकार आहेत, व गावकऱ्यांच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे, कारण त्यांत वेळ हाताशी असतो.

कवटीच्या आतून मेंदूवर आवरणे असतात. सर्वांत बाहेरचे आवरण जाड आहे. कानशिलाच्या जागी कवटीचे हाड पातळ असून त्याच्या आतल्या अंगास एक धमनी गेलेली असते. तेथे मार बसून हाड तडकले व ती धमनी फाटली, तर हाड आणि आवरण ह्यांच्या मध्ये रक्त साचू लागते. हा झाला आवरणाबाहेरचा रक्तस्राव. ह्यातील पुष्कळ रोग्यांत एक फसवा काळ येतो : मनुष्य पडतो, क्षणभर भान जाते, पुन्हा शुद्धीवर येऊन तो नीट बोलतो, चालतो, काही मिनिटांनी किंवा काही तासांनी त्याचे डोके फुटायास येते, वांत्या होतात, आणि तो झपाट्याने बेशुद्ध होतो. रक्त वेळेवर काढून टाकले तर हाच रोगी पूर्ण बरा होऊ शकतो, कारण मेंदू स्वतः फारसा दुखावलेला नसतो. दुसरा रक्तस्राव जाड आवरणाच्या आत, शिरांतून होतो. चित्रणात पहिला भिंगासारखा फुगीर, तर दुसरा चंद्रकोरीसारखा पसरलेला दिसतो. हा दुसरा प्रकार तीव्र असेल तर मेंदूही बहुधा जखमी असतो. वृद्ध माणसांत मात्र तो कित्येक आठवडे संथपणे वाढत राहतो. त्याविषयी शेवटी लिहिले आहे.

क्रिकेटची आवड असलेल्या वाचकांस दोन उदाहरणे आठवत असतील. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोस येथे भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर ह्यांच्या डोक्यास ग्रिफिथ ह्यांचा चेंडू लागला. नाकाकानांतून रक्त आले, इजा सर्वांस दिसली, व तातडीने शस्त्रक्रिया झाली. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल ह्यांनी आणि पुण्याचे चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उमरीगर ह्यांनी रक्त दिले. पुढे वेल्लोर येथे कॉन्ट्रॅक्टर ह्यांच्या कवटीत धातूची पट्टी बसविण्यात आली. ते कसोटी सामना पुन्हा खेळले नाहीत, तरी प्रथम श्रेणीचे क्रिकेट पुन्हा खेळले. ह्याच्या उलट रमण लांबा ह्यांचे झाले. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाका येथे ते फलंदाजाच्या अगदी जवळ, शिरस्त्राणाविना उभे होते. चेंडू डोक्यास लागला. ते आपल्या पायांनी मैदानाबाहेर चालत गेले. थोड्याच वेळात त्यांची प्रकृती बिघडली, शस्त्रक्रिया झाली, तरी २३ फेब्रुवारीस त्यांचा मृत्यू झाला. राजधानीच्या शहरात, भर मैदानात असे घडू शकते. मग रात्रीच्या वेळी कवठे येमाई किंवा रावणगावच्या एखाद्या वस्तीवर 'तो तर चालत घरी आला' ह्या गोष्टीवर किती भिस्त ठेवावी, हे सांगावयास नको.

आता इजा किती जड आहे हे मोजण्याकडे वळू. पूर्वी डॉक्टरही 'गुंगी', 'अर्धवट शुद्धी', 'गाढ बेशुद्धी' असे शब्द वापरीत, आणि एकाची गुंगी ती दुसऱ्याची बेशुद्धी असे. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल व ब्रायन जेनेट ह्या दोन मेंदू-शल्यविशारदांनी १९७४ साली ह्यावर एक साधी तोड काढली. रोग्याच्या शुद्धीविषयी मत देऊ नये; तो काय करतो एवढेच पाहावे : डोळे केव्हा उघडतो, काय बोलतो, आणि हातपाय कसे हलवितो. डोळ्यांस ४, बोलण्यास ५ व हालचालीस ६ असे अधिकात अधिक गुण, आणि प्रत्येकात कमीत कमी १. म्हणून पूर्ण शुद्धीवरील माणसाचे गुण १५ होतात, व खोल बेशुद्धीत ते ३ वर येतात. बेरीज १३ ते १५ असेल तर इजा सौम्य, ९ ते १२ मध्यम, आणि ८ किंवा त्याखाली तीव्र, असे जगभर मानण्यात येऊ लागले. 'ग्लासगो मापन' ह्या नावाने ही पद्धत आज बहुतेक रुग्णालयांत चालते.

'सौम्य' ह्या शब्दाने मात्र फसगत होते. १५ गुण असलेल्या माणसाच्याही डोक्यात रक्त साचत असू शकते, आणि सौम्य ठरविलेल्या कित्येकांस महिनोन् महिने त्रास राहतो. म्हणूनच २०२५ साली चौदा देशांतील तज्ज्ञांनी मिळून एक नवी मांडणी सुचविली आहे. तीत शुद्धीच्या गुणांबरोबर रक्तातील विशिष्ट द्रव्यांची तपासणी, मेंदूचे चित्रण, आणि रोग्याचे वय, जुने आजार व परिस्थिती ह्या गोष्टीही जमेस धराव्यात असे म्हटले आहे. ही मांडणी मोठ्या रुग्णालयांसाठी आहे. बांधावर उपयोगी पडते ती ग्लासगोचीच.

तीही पूर्णपणे करण्याचे कारण नाही. दुखवून पाहण्याच्या पायऱ्या डॉक्टरांकडे सोडाव्यात. कार्यकर्त्याने तीन प्रश्नांची उत्तरे वेळेसह कागदावर लिहावीत. डोळे आपोआप उघडे आहेत, हाक मारल्यावर उघडतो, की हाकेने उघडत नाही? आपण कोठे आहोत, आज वार कोणता, हे नीट सांगतो, गोंधळून बोलतो, सुटे शब्द बोलतो, नुसता कण्हतो, की काहीच नाही? 'माझा हात दाब, मग सोड' असे सांगितल्यावर तसे करतो की नाही, आणि दोन्ही हातांचा जोर सारखा आहे की नाही? दर पंधरा मिनिटांनी हेच पुन्हा पाहून लिहावे. नमुन्यादाखल अशी चिठ्ठी पाहा :

'सकाळी ९-४० : कडब्याच्या गंजीवरून पडला, उंची सुमारे १० फूट, डोक्याची उजवी बाजू दगडावर लागली. ९-४५ : हाक मारल्यावर डोळे उघडले, गोंधळून बोलतो, सांगितलेले ऐकतो. १०-१५ : डोळे आपोआप उघडे, नीट बोलतो, सांगितलेले ऐकतो. ११-०० : दोन वांत्या. हाक मारल्यावरच डोळे उघडतो, आज बाजार आहे असे म्हणतो, बाजार नाही. डावा हात ढिला. रक्त पातळ करण्याची गोळी रोज घेतो.'

ह्या सहा ओळी वाचून डॉक्टरांस कळते की, रोगी १३ वरून १५ वर गेला व पुन्हा १३ वर उतरला. नुसते १३ पाहिले तर ती 'सौम्य' इजा. चढून उतरलेले १३ ही धावपळीची वेळ. दोन गुणांची घसरण धोक्याची मानतात. शिवाय मार उजवीकडे आणि ढिलाई डाव्या हातास, ह्यावरून कोणत्या बाजूस रक्त साचत असावे ह्याचाही सुगावा लागतो, कारण मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालविते. अशी चिठ्ठी नसेल तर रोग्याबरोबर आलेली चार माणसे चार वेळा सांगतात, आणि पहिल्या तपासणीपूर्वी काय घडले ते कायमचे हरवते.

पुढील गोष्टी दिसल्या तर गुणांची वाट न पाहता रोग्यास हलवावे : एकाहून अधिक वांत्या, आकडी, वाढत जाणारी डोकेदुखी, एका डोळ्याची बाहुली दुसरीहून मोठी होणे, नाकातून किंवा कानातून रक्त अगर पाण्यासारखा द्रव येणे, मार डोळ्यास लागला नसताना डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळेनिळे होणे. साठीच्या पुढचे वय, रक्त पातळ करण्याची औषधे, किंवा माणसाच्या उंचीहून अधिक उंचीवरून पडणे ह्यांपैकी काही असेल तर रोगी हसत-बोलत असला तरी त्याची तपासणी करून घ्यावी.

येथे शेतीच्या धंद्यातील एक घोटाळा सांगितला पाहिजे. फवारणी करीत असलेला मनुष्य बांधावर पडलेला आढळला, तर तो पडल्यामुळे बेशुद्ध झाला की औषधाच्या विषबाधेमुळे पडला? सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेत दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, तोंडातून लाळ गळते, घाम फुटतो. डोक्यातील रक्तस्रावात बहुधा एक बाहुली मोठी होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळीही असू शकतात. म्हणून औषधाची बाटली किंवा तिच्यावरील चिठ्ठी रोग्याबरोबर पाठवावी. तसेच दारूचा वास आला म्हणून 'उतरली की उठेल' असा निर्णय गावाने करू नये. प्यालेला माणूसच अधिक पडतो, आणि त्याच्या डोक्यातील रक्तस्राव दारूच्या नावावर खपून जातो.

प्रथमोपचारांत काय करावे ह्यापेक्षा काय करू नये ह्याची यादी मोठी आहे. पाणी, चहा, हळदीचे दूध काहीही पाजू नये. बेशुद्ध माणसाच्या श्वासनळीत ते उतरते, आणि शस्त्रक्रियेस पोट रिकामे असावे लागते. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. डोके तेल लावून चोळू नये, मान मोडून पाहू नये. वेदनाशामक गोळ्यांपैकी अ‍ॅस्पिरीनसारख्या काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो, म्हणून दुकानातून गोळी आणून देऊ नये. कानातून द्रव येत असेल तर बोळा कोंबू नये. डोक्यास मार बसलेल्याची मानही मोडलेली असू शकते, असे धरून चालावे : एकाने डोके व मान सरळ रेषेत धरावी, इतरांनी एकदम उचलून फळीवर किंवा बाजेवर ठेवावे. दोघांनी खांदे व पाय धरून झुलवीत नेण्याची चाल घातक आहे. रोगी बेशुद्ध असून वांती होत असेल, तर मान सरळ ठेवून सर्व अंग एकदम कुशीवर वळवावे. श्वास मोकळा राहणे हे सर्वांत आधी. मेंदूस काही मिनिटे प्राणवायू मिळाला नाही तर आधीची लहान इजाही मोठी होते.

मुका मार पोटासही बसतो. ट्रॅक्टरचे सुकाणू छातीपोटावर दाबले जाणे, गाईची लाथ, ट्रॉलीच्या फाळक्याखाली सापडणे, लहान मुलाच्या पोटात सायकलचे हँडल घुसणे, ही त्याची नेहमीची कारणे. डाव्या बरगड्यांखाली पाणथरी व उजव्या बरगड्यांखाली यकृत असते. दोन्ही अवयव रक्ताने भरलेले व ठिसूळ आहेत. त्यांच्या इजेचे डॉक्टर १ ते ५ असे दर्जे पाडतात : पहिल्यात लहान चीर, पाचव्यात अवयवाच्या चिंधड्या. कमी दर्जाच्या पुष्कळ इजा आता शस्त्रक्रियेविना, रुग्णालयात निजवून व वारंवार तपासून बऱ्या करतात. परंतु हे निजविणे रुग्णालयातील होय, घरातील नव्हे. पाणथरीवरचे आवरण काही दिवस तग धरून मग फुटल्याचीही उदाहरणे आहेत. पोट कडक होणे, डाव्या खांद्यात विनाकारण कळ येणे, लघवीतून रक्त जाणे, घाम येऊन हातपाय थंड पडणे आणि नाडी जलद व क्षीण होणे ह्या तिच्या खुणा.

डोके आणि पोट ह्यांतील एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. डोक्यातील दाब वाढला म्हणजे नाडी बहुधा मंद होत जाते. प्रौढ माणसास डोक्यास मार बसला आहे, पण नाडी जलद, बारीक आणि अंग थंडगार आहे, असे दिसले तर रक्त दुसरीकडे, पोटात, छातीत किंवा कंबरेच्या हाडांत जात असावे असे समजावे, व तसे चिठ्ठीत लिहावे.

वाहतुकीसाठी १०८ ह्या क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून विनामूल्य मिळते. फोन करताना गावाचे नाव पुरत नाही; वस्ती, जवळचा फाटा, कालव्याचा पूल किंवा मैलाचा दगड सांगावा, आणि एका माणसास रस्त्यावर विजेरी घेऊन उभे करावे. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण अथवा उपजिल्हा रुग्णालय श्वास सांभाळू शकते, सलाईन लावू शकते. तथापि डोक्याच्या इजेत निर्णय होतो तो सी. टी. स्कॅन व मेंदू-शल्यविशारद असलेल्या ठिकाणी. लंडन येथे १९७१ साली ह्या यंत्राने पहिला रोगी तपासला गेला, त्यापूर्वी कवटीतील रक्त कोठे आहे हे बहुतांशी तर्काने ठरवावे लागे. अशी सोय रात्री चालू असलेली रुग्णालये कोणती, हे ग्रामपंचायतीने दूरध्वनी क्रमांकांसह आधीच विचारून फलकावर लावावे. पुण्याचे ससून रुग्णालय बहुतेकांस ठाऊक असते. वाटेवरची सोय ठाऊक नसते.

रस्त्यावरील अपघातात मदत केली तर पोलिसांचे झेंगट मागे लागेल, ही भीती अजून गेलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या रक्षणासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्‌भावनेने रोग्यास पोहोचविणाऱ्यावर त्या कृत्याबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. मोटार वाहनाच्या रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र शासनाने मे २०२५ मध्ये रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. तीत नेमलेल्या रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत व दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार येतात. गंजीवरून किंवा झाडावरून पडलेल्यास ती लागू नाही. शेतकऱ्यांसाठी राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत जावा लागतो. मृत्यू, तसेच डोळा अथवा अवयव निकामी होणे ह्यांसाठी तीत रक्कम ठरलेली आहे. मेंदूच्या इजेने हात किंवा पाय लुळा पडला असेल, तर अपघात व तो लुळेपणा ह्यांचा संबंध दाखविणारे कागद लागतात. आणि बांधावरची वेळवार चिठ्ठी रुग्णालयाच्या कागदांस जोडली गेली असेल तर ती तेथेही उपयोगी पडते.

प्रतिबंधाबद्दल थोडेच लिहिणे पुरे, कारण ते सर्वांस ठाऊक आहे आणि केले जात नाही. मोटारसायकलस्वाराने शिरस्त्राण घातले असता डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी व मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो, असे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २००८ साली काढलेले निष्कर्ष आहेत. ते हँडलला अडकवून ठेवल्याने घटत नाही. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर माणूस बसवू नये. ट्रॉलीच्या मागे परावर्तक लावावेत. बंद पडलेली ट्रॉली रात्री रस्त्यात दिव्याविना सोडून जाऊ नये. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यापासून बैलगाडा शर्यती पुन्हा भरू लागल्या आहेत. घाटावर धावपट्टीच्या कडेस उभे राहणाऱ्या मुलांस मागे हटविणे हे यात्रा कमिटीचे काम आहे.

घरी पाठविलेल्या रोग्याच्या कागदावर 'एस ०६' असा सांकेतिक क्रमांक कधी दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत कवटीच्या आतील इजांस तो दिलेला आहे : त्यापुढे ० असेल तर हादरा, २ असेल तर सर्वत्र पसरलेली इजा, ४ असेल तर आवरणाबाहेरचा व ५ असेल तर आवरणाखालचा रक्तस्राव. हादरा बसलेल्यास पहिले एक-दोन दिवस विश्रांती द्यावी, एकटे सोडू नये. झोपू द्यावे, पण पहिल्या रात्री मधून मधून उठवून नाव विचारावे. पुढे कामास हळूहळू लावावे. डोकेदुखी, चक्कर, विसर, चिडचिड व झोपेची तक्रार काही आठवडे राहू शकते. धडधाकट दिसणारा मनुष्य कामाचा कंटाळा करतो असे घरच्यांस वाटते, व वाद होतात. तक्रारी पूर्ण थांबेपर्यंत त्याने ट्रॅक्टर, मोटारसायकल, मळणी यंत्र चालवू नये, विहिरीत उतरू नये, झाडावर चढू नये. ह्या काळात दुसरा मार बसला तर तो पहिल्याहून भारी पडतो.

राहिली गोष्ट वृद्धांची. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो आणि त्याच्या व आवरणाच्या मधील शिरा ताणल्या जातात. मग मोरीत पाय घसरणे, उंबऱ्याला ठेच लागून डोके चौकटीवर आपटणे, एवढ्यानेही शीर तुटते. रक्त थेंबाथेंबाने, तीन आठवडे, दोन महिने साचत राहते. आजोबा विसरू लागतात, चालताना एका बाजूस झुकतात, दिवसा झापड येते, कधी एक हात लुळा पडतो. घरातील मंडळी म्हातारपण म्हणतात, कोणी लकवा म्हणतात, कोणी बाहेरचे काही म्हणतात. पडल्याची गोष्ट तोवर सर्व विसरलेले असतात, कारण तेव्हा काही लागले नव्हते. म्हणून असा बदल एखाद्या वृद्धात काही आठवड्यांत झालेला दिसला, तर गेल्या दोन-तीन महिन्यांत ते कोठे पडले होते काय, हे कार्यकर्त्याने घरातील लहान मुलांसही विचारावे; मुलांच्या लक्षात राहते. चित्रणात रक्त आढळले तर कवटीस एक-दोन लहान छिद्रे पाडून ते बाहेर काढतात, आणि पुष्कळ वृद्ध त्यानंतर थोड्याच दिवसांत पुन्हा ओळखू लागतात व काठीच्या आधाराने चालू लागतात.